रविवारचे चारशे रुपये : मटणाच्या नोंदी

5 जानेवारी 2025, रविवार

मार्गशीर्ष सोमवारच्या अमावस्येला संपला आणि आज पहिला रविवार. सकाळी साडेसातला कळवा नाक्याजवळ खाटीकदादांच्या दुकानापुढे माझ्याआधी चौदा माणसं. दर 800. मागच्या वर्षी याच सुमारास 720 ने आणल्याचं वहीत आहे. नोकरी हिशेबाची, त्यामुळे वही घरातही सुटत नाही.

खाणारे आम्ही पाच: मी, नवरा, सासरे, दोन मुलगे. थोरला आता वडिलांइतकं जेवतो. पूर्वी किलो आणायचो, मग पाऊण झालं. आता ठरवलंय की बारा रविवार मटणावर 400 च्या वर एक रुपया घालायचा नाही, आणि कुणी अर्धपोटी उठायचंही नाही. शेवटचा रविवार 23 मार्च. 30 ला पाडवा आहे, त्या दिवशी श्रीखंड.

आज पायाभूत मोजणी. अर्धा किलो मिक्स, 400. पिशवीत निघालं ते असं: दोन चॉप, एक नळी, फऱ्याचे सात-आठ तुकडे, पोटाकडची एक पातळ पट्टी आणि चरबीचा गोळा. जेवणं झाल्यावर ताटांतली हाडं धुऊन, पुसून काट्यावर ठेवली. 118 ग्रॅम. सासरे बघत होते. म्हणाले, "हाडं कुणाला परत करायचीत का?"

एक गोष्ट लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. परदेशात लँबच्या प्रत्येक तुकड्याला वेगळा भाव. मान, छाती, नळी स्वस्त, कमरेचे चॉप आणि मागची मांडी महाग. त्यांच्या 'स्वस्त कट'च्या पाककृती त्यावरच उभ्या आहेत. आपल्याकडे भाव जनावराला असतो, तुकड्याला नसतो. मान घ्या नाहीतर मांडी घ्या, काट्यावर 800 च. म्हणजे स्वस्तात खायचं तर रस्ते दोनच. एक, त्याच 800 मध्ये आपल्याला हवे ते तुकडे मागून घ्यायचे. दुसरा, काट्याबाहेर जे विकलं जातं ते घ्यायचं: पाया, मुंडी, वजरी (जठराची पिशवी), फेफडा. कलेजी या यादीत नाही. ती कधीच मटणाच्या भावाला जाऊन बसली.

11–12 जानेवारी

या वेळी शनिवारी संध्याकाळी गेले. रविवारी सकाळी "गर्दन द्या" म्हटलं तर दादा म्हणतात, "ताई, गर्दन सगळ्यांना थोडी थोडी द्यावी लागते, नाहीतर मागे उभे असलेले मला खातील." शनिवारी संध्याकाळी मागे कुणीच नसतं आणि खुंटीवर राहिलेली असते ती गर्दनच. अर्धा किलो गर्दन आणि दोन नळ्या, 400.

शनिवारी घेण्यात दुसराही फायदा निघाला. आपण 'ताजं, ताजं' म्हणून सकाळी कापलेलं सकाळीच शिजवतो. कापल्यावर काही तासांत स्नायू ताठरतात आणि त्याच वेळी आपण त्याला कुकरात घालतो. मग "बोकड जून होता" म्हणून खाटकावर खापर. रात्रभर फ्रिजमध्ये, खालच्या कप्प्यात, झाकून ठेवलं की तो ताठरपणा सुटत जातो. मात्र आणल्या आणल्या फ्रीझरमध्ये टाकायचं नाही. स्नायू निवायच्या आधीच गारठला तर आखडतो आणि नंतर कितीही शिजवा, दाताला लागतो. आमच्याकडे कित्येक वर्षं हेच चाललं होतं.

शिट्ट्या मोजणंही सोडलं. शिट्टी म्हणजे नुसती जादा वाफ बाहेर पडते. आत पाणी 120 अंशांच्या आसपास असतं ते दाबामुळे, आवाजामुळे नव्हे. पहिली शिट्टी आली की आच अगदी बारीक करायची आणि घड्याळ लावायचं. गर्दनीला 25 मिनिटं दिली, मग कुकर आपोआप उतरू दिला.

हाडं 171 ग्रॅम. म्हणजे कागदावर तोटा. पण रस्सा असा झाला की ओठाला ओठ चिकटत होते. मानेच्या मणक्यांमधलं जे चिवट असतं, ते शिजून रश्श्यात उतरतं. भाकरी चार जास्त लागल्या. हिशेबात भाकरीचा रकाना नव्हता, तो आजपासून केला.

19 जानेवारी, रविवार

पाया. राबोडीला गेले, कारण तिथे सकाळी लवकर मिळतो आणि भाजून देतात. एका सेटचे 160, दोन सेट घेतले, 320. सेट म्हणजे एका जनावराचे चार पाय. दुकानातल्या पोऱ्याने गॅसच्या बर्नरवर एकेक पाय फिरवत केस जाळले, सुरीच्या मागच्या बाजूने खरवडले, खुरांची टोपणं उपटून काढली, नळी मधोमध चिरली. पाच मिनिटांचं काम, पण त्याच्या हातात बघण्यासारखं होतं.

घरी येऊन बघते तर दोन बोटांच्या फटीत केस तसेच. नवऱ्याचा जुना रेझर घेतला आणि ओट्यापाशी बसून आठ फटी साफ केल्या. नवरा म्हणाला, माझ्या दाढीला कधी एवढा वेळ दिला नाहीस. मग गव्हाचं पीठ आणि हळद चोळून धुतलं. एक उकळी काढून ते पाणी टाकलं, म्हणजे जळकट वास जातो. नंतर आलं, लसूण, मिरी, दालचिनीचा बोटभर तुकडा, दोन कांदे, आणि कुकरात बारीक आचेवर पूर्ण एक तास.

सासऱ्यांचं मनगट मागच्या वर्षी मोडलं होतं, त्यामुळे पाया त्यांच्यासाठी औषध आहे. मी सांगून पाहिलं की हाडातलं कॅल्शियम पाण्यात फारसं उतरत नाही, उतरतं ते कोलॅजन, त्याचं जिलेटिन होतं, कॅल्शियमच हवं तर कपभर दूध बरं. ते म्हणाले, "मग दूधही दे."

उरलेला रस्सा रात्री फ्रिजमध्ये ठेवला. सकाळी वाटी उलटी धरली तरी पडेना. धाकट्याने ती शाळेत जायच्या आधी तीन वेळा उलटी करून पाहिली.

तासभर गॅस म्हणजे स्वस्त कुठलं, असं नवऱ्याचं म्हणणं. म्हणून त्याने पुन्हा एकदा तासभर बारीक आच ठेवायला लावली आणि आधी-नंतर सिलिंडर वजनकाट्यावर ठेवला, तोच ज्यावर आम्ही स्वतःला तोलतो. आधी 24.6, नंतर 24.6. बारीक आचेला गॅस इतका थोडा लागतो की माणसांच्या काट्याला तो कळत नाही. खर्च होतो तो माझ्या रविवारचा.

26 जानेवारी, रविवार

फसलं.

फेफडा आणि तिल्ली (प्लीहा), दोन्ही मिळून 120. फेफडा म्हणजे फुप्फुस, हाताला स्पंजासारखं लागतं, पाण्यात टाकलं तर तरंगतं. तुकडे करून कुकरात अर्ध्यापर्यंत भरले, पाणी घातलं, झाकण लावलं आणि टीव्हीवरची परेड बघायला बसले. वीस मिनिटं झाली तरी शिट्टी नाही. नवरा म्हणाला, रबर गेलं असेल. मी उठून स्वयंपाकघराच्या दारात पोचले आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला. राखाडी फेसाचं कारंजं थेट छतापर्यंत. कुणाला लागलं नाही, ते महत्त्वाचं. मी दोन पावलं पुढे असते तर वेगळी नोंद लिहावी लागली असती.

कारण साधं आहे आणि आधी कळायला हवं होतं. फुप्फुसात हवाच हवा. तापलं की ती निघते आणि मांसरसाचा फेस करते, फेस वर चढून वाफेच्या भोकात बसतो, वाफ कोंडते. व्हॉल्व्ह नेमका याचसाठी असतो आणि त्याने काम केलं. फेफडा आधी उघड्या पातेल्यात उकळायचा, फेस झाऱ्याने काढत राहायचा, तो यायचा थांबला की मगच कुकर, तोही एक तृतीयांशच भरलेला.

दुपारी अंड्याची पोळी आणि पाव. व्हॉल्व्हचे 70 रुपये वेगळे. छत पुसलं, पण एक तपकिरी डाग राहिला, बशीएवढा.

2 फेब्रुवारी, रविवार

काल माघी गणेश जयंती, म्हणून शनिवार गेला. आज सकाळीच मुंडी आणली. भाजून, दोन फाका करून, भेजा वेगळ्या पिशवीत. 250.

मुंडीने घरात जत्रा भरली. धाकट्याने तोंड उघडून दात मोजले आणि ओरडत आला की वरचे पुढचे दातच नाहीत, दुकानदाराने काढून घेतले! काढलेले नाहीत. बोकडाला, मेंढ्याला, गायीलाही वर पुढे दात नसतातच, टणक हिरडीची गादी असते. खालचे मात्र बघण्यासारखे असतात. सगळे दुधाचे बारीक असले तर जनावर कोवळं. मधली मोठी जोडी आली की दोनदाती, म्हणजे साधारण सव्वा-दीड वर्षाचं. दुसरी जोडी आली की चारदाती. आमचा दोनदाती होता. कापलेल्या तुकड्यांवरून वय सांगणारे पुष्कळ भेटतात, पण मुंडी दाखवते तसा पुरावा कुणाकडे नसतो. दुकानात टांगलेल्या मुंडीचा जबडा बघून मग बाकीचं मटण घ्यावं, असं आता मला वाटायला लागलंय. दादा हाकलून देतील तो भाग वेगळा.

कुकरात 40 मिनिटं. मग परातीत काढून, हाताला सोसेल इतकं निवाल्यावर सोडवायला बसले. जिभेची साल गरम असतानाच मोज्यासारखी निघते, गार झाली की चिकटून बसते. गालातलं मांस अख्ख्या मुंडीत सगळ्यात चांगलं. जनावर दिवसभर चघळत असतं, त्यामुळे तो स्नायू कामाचा आणि चवीचा. हाडावरून निघालेलं सगळं मिळून 380 ग्रॅम, भेजा सोडून. 250 रुपयांत 380 ग्रॅम शिजलेलं, निव्वळ, हाड नाही. आतापर्यंतचा सर्वांत चांगला आकडा.

काळ्या वाटणात सुकं केलं. भेजा कांदा-मिरचीवर परतून सासऱ्यांना. थोरल्याने डोळा बघितला आणि ताट घेऊन हॉलमध्ये गेला, पण जेवला.

9 फेब्रुवारी, रविवार

वजरी, न धुतलेली, 200. धुतलेलीला तीनशे सांगत होते. शंभर रुपये वाचवले आणि आख्खा रविवार घालवला.

आतली काळपट साल निघावी म्हणून उकळतं पाणी ओतलं. साल सुटायच्या ऐवजी घट्ट बसली. चमच्याने खरवडली, सुरीने खरवडली, चुना लावून खरवडली. तीन तास. जे निघालं ते बेसिनमध्ये गेलं आणि बेसिन तुंबलं. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, 'काही सदस्यांच्या स्वयंपाकघरातून येणाऱ्या वासाबद्दल'. नाव नव्हतं, पण वास आमच्याच मजल्यावर होता.

मी आणि सासरे जेवलो. ते गप्प होते. ते गप्प असले की समजायचं.

16 फेब्रुवारी, रविवार

खर्च शून्य. नवऱ्याच्या मावसबहिणीच्या मुलाचं लग्न होतं डोंबिवलीला. उद्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. ती शिरूरहून सोमवारीच आली आहे आणि महिनाभर इथेच राहील.

23 फेब्रुवारी, रविवार

आता खरी अडचण. आईला बोकडाचं चालत नाही. आमच्या माहेरी बोल्हाई आहे. हवेली तालुक्यातल्या वाडेबोल्हाईची देवी. तिचं ज्या घरात आहे ते बोकड खात नाहीत, मेंढीचंच खातात. पुण्याकडे 'बोल्हाईचं मटण' अशा पाट्या जागोजागी दिसतात, इकडे 'मटण' म्हटलं की बोकडच. मीही लग्नाआधी मेंढीवरच वाढले. अठरा वर्षांत जीभ बदलली.

दादांना विचारलं. ते म्हणाले, "मेंढा एकट्यासाठी कसा कापू ताई? देवनारहून सांगून आणावा लागेल." शेवटी ऑफिसातल्या एका मुलीने ऐरोलीतलं दुकान सांगितलं. विटाव्यावरून बसने अर्ध्या तासात पोचले. दर 760. सीना मागितला, म्हणजे छातीच्या बरगड्या आणि त्यावरची पट्टी. अर्धा किलो, 380. पातेलंही वेगळं काढलं, माळ्यावरचं, ज्यात बोकड कधी शिजलेला नाही.

ओळखायचं कसं हे लिहून ठेवते, कारण मला पुन्हा नव्याने शिकावं लागलं. मेंढीची चरबी पांढरीशुभ्र, घट्ट, आणि मांसाच्या वर थराथराने. बोकडाची बरीचशी आत, पोटात असते, अंगावर कमी. बोकडाची शेपटी आखूड, वर वळलेली, म्हणून पुष्कळ दुकानांत धडाला शेपटीचा झुबका मुद्दाम ठेवतात, गिऱ्हाइकाला बोकडच असल्याची खूण. मेंढीची शेपटी खाली लोंबते.

केलं मी नेहमीसारखंच. तेल, वाटण, कुकर, 25 मिनिटं. वर बोटभर तवंग. वाढलं आणि मुलं मोबाइलवर असताना ताट निवलं. मेंढीची चरबी लवकर थिजते. टाळ्याला मेणासारखी बसली. धाकट्याने पाणी प्यायलं तर आणखी घट्ट झाली. दोघांनी दह्यावर जेवण संपवलं.

आई काळा चष्मा लावून खुर्चीत बसलेली. डॉक्टरांनी महिनाभर चुलीपुढे जायचं नाही असं बजावलंय. तिने एक घास खाल्ला आणि म्हणाली, "अगं, मेंढीला तू बोकडासारखं वागवलंस."

2 मार्च, रविवार

परत ऐरोली, परत सीना, परत 380. आज शिजवलं मी, पण केलं आईने. स्वयंपाकघराच्या दाराबाहेर खुर्ची टाकून दिली, तिथून वाफ लागत नाही पण आवाज येतो. काळा चष्मा, हातात जपमाळ, आणि ऑर्डरी.

आधी वरची चरबी सुरीने काढायला लावली. निम्मी बाजूला, निम्मी बारीक चिरून कोरड्या पातेल्यात, मंद आचेवर. तेलाचा थेंब नाही. चरबी वितळून कुरकुरीत तुकडे राहिले ते मुलांनी उभ्याउभ्याच मीठ लावून संपवले. त्याच चरबीत कांदा, मग मटण, हळद, मीठ. कुकर नाही. पातेल्यावर खोलगट ताट झाकलं आणि ताटात पाणी.

"कुकर का नको?" विचारलं.

"कुकरात ऐकू येत नाही."

दर थोड्या वेळाने ताटातलं तापलेलं पाणी आत, ताटात नवं पाणी. गार पाणी आत घालायचं नाही, हे तिचं ब्रह्मवाक्य. आणि खरंच, ती ऐकून सांगत होती. "आता बुडबुड जाड झाली, पाणी घाल." मी झाकण उचललं, तर रस आटून तळाशी आला होता. "आता बारीक वाजतंय, राहू दे." दीड तासात तिने माळ दोनदा पूर्ण केली आणि एकदाही उठली नाही.

शिजलेल्यातलं अळणी आधी मुलांना वाटीत. मग वाटण: भाजलेलं सुकं खोबरं, भाजलेला कांदा, धणे, तीळ, तिने गावाहून आणलेलं काळं तिखट. शेवटी चमचाभर बाजरीचं पीठ कोरडं भाजून पाण्यात कालवून. पीठ चरबी धरून ठेवतं, तवंग वेगळा तरंगत नाही. ताटं आधी गरम पाण्याने धुऊन घ्यायला लावली. मोबाइल तिने काढून घेतले. रस्सा उकळता वाढायचा, भाकरी तव्यावरून थेट ताटात, आणि बोलायचं नंतर.

हाडं मोजायला विसरले.

जेवताना आई सांगत होती, लहानपणी सुगी झाली की धनगर त्यांच्या रानात मेंढ्या बसवायचे. रात्रभर कळप वावरात, लेंड्या-मुताचं खत जमिनीला, आणि मालकाकडून धनगराला धान्य. "मेंढी आधी रानाला खायला घालते, मग आपल्याला." मुलांना ही गोष्ट ठाऊकच नव्हती. मीही कधी सांगितली नव्हती.

9 मार्च, रविवार

वजरी, दुसरा प्रयत्न. मेंढीची, 180. पुन्हा न धुतलेली. नवऱ्याने तोंड वाकडं केलं. सासऱ्यांनी सकाळीच जाहीर केलं की आज त्यांचा उपास आहे. कुठला ते सांगितलं नाही.

आईचं म्हणणं, चूक पाण्याची होती. पाणी उकळतं नको. बोट बुडवून तीनपर्यंत मोजता आलं पाहिजे, चारला बाहेर काढावंसं वाटलं पाहिजे. त्यात वजरी बुडवून हलवायची, मिनिटभराने अंगठ्याने घासून बघायचं. साल सुटायला लागली की लगेच बाहेर आणि चमच्याच्या पाठीने एकाच दिशेने. टॉवेलासारखी लव असते, ती पांढरी दिसली की झालं. फार तापलं की साल शिजून चिकटते, मागच्या वेळी तेच झालं होतं. मग खायचा चुना चोळून पाच मिनिटं, जाडं मीठ चोळून धुणं, चार पाणी. सगळं बादलीत, वर चाळणी, बेसिनमध्ये काही नाही. एकूण 40 मिनिटं. ग्रुपवर मेसेज नाही.

कुकरात अर्धा तास, मग बोटाएवढे तुकडे, कांदा-खोबऱ्यात कोरडं परतून. सासऱ्यांचा उपास दुपारी सव्वाला सुटला.

14 मार्च, शुक्रवार (प्रकल्पाबाहेर)

धुळवड. दर 840. रांग नाक्यापासून वळून पुढे गेलेली, नवरा सात वाजता उभा राहिला तो साडेनऊला आला. दीर-जाऊ, नणंद, त्यांची मुलं, एकूण अकरा माणसं. दीड किलो मिक्स, 1,260. गर्दन मागायची हिंमत त्याला झाली नाही, आणि त्या रांगेत मलाही झाली नसती. आईला वेगळी अंड्याची आमटी. ती म्हणाली, "दोन तास उभं राहून तुकडे त्याच्या मनाचे?"

2019 च्या शेवटी कोल्हापुरात मटणाच्या दरावरून लोक रस्त्यावर आले होते ते आठवलं. आपण ठाणेकर रांगेत उभे राहतो आणि दर विचारतो तो पैसे देताना.

16 मार्च, रविवार

मेंढीची गर्दन, पाव किलो, 190. हरभऱ्याची डाळ वाटीभर भिजवून त्यात. पाव किलो पाच जणांना... सहा जणांना पुरलं, आई धरून. डाळ शेवटच्या वीस मिनिटांत घालायची, आधी घातली तर पिठलं होतं. मुलांना डाळच जास्त आवडली. यावर जास्त लिहिण्यासारखं नाही, पण महिन्यातून एकदा करण्यासारखं आहे.

मधे एकदा कच्ची पपई लावून गर्दन मऊ करता येईल का तेही पाहिलं. एक चमचा वाटण, दोन तास. बाहेरून गाळ, आतून तसंच चिवट. पपईतला रस वरवरच काम करतो, आणि खरं काम कढत होत असताना, फार तापलं की संपलं. खिम्याच्या कबाबाला ठीक. गर्दनीला वेळच द्यावा.

23 मार्च, रविवार

बारावा. पाया. सध्या रमजान, राबोडीत पाया-नळीला मागणी चिकार, संध्याकाळी इफ्तारच्या आधी हंड्या लागलेल्या असतात. गेल्या आठवड्यात शुक्रवारी सांगून ठेवला तेव्हा आज मिळाला. सेट 180, दोन सेट 360. या वेळी रेझर सोबत नेला नाही, पोऱ्यालाच सांगितलं की बोटांच्या फटीत ज्योत धर. त्याने माझ्याकडे जरा बघितलं आणि धरली. केस एकही नाही. दोन महिने आधी तोंड उघडलं असतं तर रेझर वाचला असता.

आईसाठी बोकडाचा पाया नाही, तिला कालचं पिठलं. तिचं तिलाच आवडतं म्हणाली.

हिशेब. बारा रविवार, 4,800 मंजूर, खर्च 3,180. शिल्लक 1,620. त्यातून धुळवडीचे 1,260, व्हॉल्व्हचे 70, ऐरोलीच्या चार फेऱ्यांचे 120. हातात 170. नवरा म्हणतो, म्हणजे फार काही वाचलं नाही. धुळवड आम्ही प्रकल्प नसतानाही केली असतीच, हे त्याला दोनदा सांगितलं.

पुन्हा करणार: शनिवारची गर्दन, मुंडी, वजरी आईच्या पाण्याने. पाया थंडीतच. फेफडा नाही. मेंढीचा सीना महिन्यातून एकदा, फक्त ज्या दिवशी सगळे एकदम जेवायला बसणार असतील त्या दिवशी. उरलेली चरबी वितळवून, गाळून बरणीत भरली आहे, फ्रिजच्या दारात. बटाट्याच्या काचऱ्यांना वापरते. सासऱ्यांना कळलेलं नाही, ते म्हणतात हल्ली काचऱ्या खमंग होतात.

आईचा काळा चष्मा आज निघाला. डॉक्टर म्हणाले, नजर छान आली आहे. ती घरात आली, पहिल्यांदा सरळ स्वयंपाकघरात गेली, सगळीकडे नीट बघितलं, ओटा, पातेली, बरणी. मग वर बघितलं.

"छतावर हे काय गं?"